दिसलं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे माणसं किती खोटं बोलतात हे मला वकिलांपेक्षा जास्त माहीत आहे. खुर्चीत बसलेला माणूस समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत नाही, परीक्षा देतो. आधीच्या गिऱ्हाइकाने काय वाचलं ते बाकावर बसल्या बसल्या कान देऊन ऐकतो आणि स्वतःची पाळी आली की तेच घडाघडा म्हणून दाखवतो. मी मधेच तक्ता बदलला तरी जुनाच म्हणत राहतो. पूर्वी मला हसू यायचं, हल्ली राग येतो. अहो, नंबर चुकला तर ठेच कुणाला लागणार आहे, मला की तुम्हाला?

तर एके दुपारी माझ्या दुकानात ताई आली. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, त्यामुळे काठी टेकत टेकत आली आणि पायरीवरूनच म्हणाली, "तुला ह्यांच्याबरोबर लिंक्स बघायला जायचंय."

मला वाटलं लिंक्स हे गाव आहे.

गाव नव्हतं. लिंक्स म्हणजे मोठ्या कुत्र्याएवढं रानमांजर. शेपटी आखूड, कानांच्या टोकांवर केसांचे झुपके. आणि 'हे' म्हणजे माझे भावोजी. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते. निवृत्त झाले आणि जगभरचे सस्तन प्राणी बघायला जाणाऱ्या एका मंडळात शिरले. दरवर्षी ही मंडळी कुठला ना कुठला देश गाठतात. अट एकच, प्राण्याच्या अंगावर केस हवेत आणि त्याने पिल्लांना दूध पाजलं पाहिजे. डोक्यावरून गरुड गेला, पायाजवळून अजगर गेला, तरी हे लोक घड्याळ बघतात. वटवाघूळ दिसलं की मात्र टोप्या काढून उभे राहतात. एकदा कुठल्याशा बेटावर बाकीचे प्रवासी समुद्रकाठी कासवाची पिल्लं बघत होते, तेव्हा आमची मंडळी हॉटेलच्या कचऱ्याच्या डब्यामागे पोटावर पडून एक उंदीर बघत होती. तो उंदीर म्हणे जगात फक्त त्याच बेटावर असतो. हॉटेलच्या मालकाने बिचाऱ्याने तीन वेळा माफी मागितली.

"केस आणि दूध," ताई म्हणायची. "त्या हिशेबाने मीही सस्तन प्राणीच आहे. पण चाळीस वर्षांत माझ्याकडे कुणी दुर्बीण लावून बघितलं नाही."

त्या दिवशी मात्र ती थट्टेच्या मूडमध्ये नव्हती. बाकावर बसली, काठी भिंतीला टेकवली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ह्यांच्या डोळ्यांचं काहीतरी बिघडलंय."

चहा कपाच्या बाहेर ओततात. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, तोही बहुतेक वेळा डावाच. बाजूने कुणी अचानक बोललं तर दचकतात. गेल्या महिन्यात गाडी फाटकाच्या खांबाला घासली आणि खांबच पुढे आलाय असं म्हणाले. त्याच गाडीतून ते रोज सकाळी नातीला शाळेत सोडतात. "पोर पोचल्याचा निरोप येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही," ताई म्हणाली. "मुलाला सांगू तर घरात महाभारत. ह्यांना सांगू तर म्हणतात, मला डोंगरावरचं माकड दिसतं, तुला तांदळातला खडा दिसत नाही."

भावोजी पूर्वी माझ्या दुकानात येऊन गेले होते. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून, वर छापखान्याचं नाव वाचून, मिशीत हसत गेले होते. पण त्यात काही नवल नव्हतं. मला जी शंका होती ती काचबिंदूची. तो कडेने येतो. समोरचं शेवटपर्यंत जसंच्या तसं ठेवतो आणि बाजूचं गुपचूप खात जातो. माणसाला वाटतं, सगळं झकास चाललंय. गेलेलं परत मिळत नाही. वेळेवर औषध सुरू झालं तर उरलेलं मात्र राखता येतं. वेळेवर, हा त्यातला महत्त्वाचा शब्द.

त्याची खरी तपासणी डोळ्यांच्या दवाखान्यात होते. एका गोल यंत्रात डोकं घालून सरळ बघायचं आणि कडेला कुठेही ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. ताई त्यांना तिथेही घेऊन गेली होती. भावोजींनी ठिपक्याची वाट बघितलीच नाही. बटण दाबत सुटले. कागदावर उत्तर आलं, तपासणी विश्वासार्ह नाही, रुग्णाला पुन्हा बोलवावं. रुग्ण काही पुन्हा गेला नाही.

"जे मला लग्नापासून बोलता आलं नाही," ताई म्हणाली, "ते त्या मशीनने एका ओळीत छापून दिलं."

मंडळाचा नियम असा की प्रत्येक सभासदाने घरचा एक साक्षीदार आणायचा. सभासदाने प्राणी पाहिला याची खात्री साक्षीदाराने द्यायची. इतकी वर्षं ताई जायची, माना डोलवायची आणि विणकाम करायची. आता गुडघ्यामुळे मला जायचं होतं. पण साक्ष द्यायला नाही. "पाच-सहा दिवस सोबत राहशील," ताई म्हणाली. "नीट बघ. आणि काहीही कर, पण त्यांच्या तोंडून वदवून घे. माझ्याशी भांडतात. तुझ्याशी भांडायला त्यांना लाज वाटेल."

भावोजींना लाज वाटेल ही ताईची भाबडी समजूत होती. पण मी दुकानाच्या शटरवर पाटी लावली आणि गेले.

विमानतळावरच भावोजी म्हणाले, "तू माझ्या डावीकडून चाल. उजव्या हातात पिशवी आहे ना." त्यांच्या उजव्या हातात पिशवी नव्हती. डाव्यातही नव्हती. सगळं सामान मीच ढकलत होते.

उतरलो ते डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लाकडी विश्रामगृहात. जेवणाच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर मेलेल्या हरणांची शिंगं आणि शिंगांखाली जिवंत प्राण्यांवर प्रेम करणारी आमची मंडळी. अध्यक्ष एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. बोलताना प्रत्येक वाक्याला सही करावी तसे थांबायचे. एक दातांचे डॉक्टर होते. प्राणी कुठलाही असो, त्यांना त्याचे सुळे आधी दिसायचे. डॉक्टरांची बायको अगदी मवाळ, नवऱ्याच्या 'हो'च्या मागे अर्ध्या क्षणाने तिचा 'हो' यायचा. बाकीचे सात-आठ जण मला टोप्यांवरूनच ओळखू यायचे.

या सगळ्यांत भावोजींचा मान मोठा होता. पहिला प्राणी नेहमी त्यांनाच दिसायचा म्हणून मंडळींनी त्यांना 'गरुड' अशी पदवी दिली होती. सस्तन प्राण्यांच्या मंडळात माणसाला पक्ष्याचं नाव दिलंय हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी पहिल्याच जेवणात ते बोलून दाखवलं. अध्यक्ष म्हणाले, "ती भावना आहे, मॅडम." आणि थांबले.

त्याच जेवणात मला भावोजींच्या लपवाछपवीचं कारणही कळलं. मंडळाचे आधीचे 'गरुड' एक प्राध्यापक होते. त्यांना मोतीबिंदू झाला, ऑपरेशन लांबलं आणि एका सहलीत त्यांनी अध्यक्षांच्या बायकोच्या शालीला कोल्हा म्हटलं. मंडळाने त्यांना मानद सभासद केलं.

"मानद म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे त्यांना सगळ्या सूचना जातात," अध्यक्ष म्हणाले. "सहलीला यायचं नसतं."

"मग आता ते कसे आहेत?"

टेबलावर सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. भावोजी मीठ घ्यायला हात लांब करत होते. मीठदाणी डावीकडे होती, हात तिला लागून ती आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, "टेबलच उतरतं आहे." आणि सगळ्यांनी टेबलाला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून लिंक्स बघण्याचं काम सुरू झालं. काम म्हणजे पहाटे उठायचं, गाडीत बसायचं आणि एका घाटरस्त्याच्या वळणावर उतरून समोरच्या डोंगराकडे बघत उभं राहायचं. मधे खोल दरी. डोंगरावर खडक, झुडपं, पुन्हा खडक. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी, आणि मधोमध तिपाईवर ठेवलेली तोफेसारखी मोठी दुर्बीण. तिला हे लोक स्कोप म्हणतात. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मी आयुष्यात इतके दगड एका जागी पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला भावोजी स्कोपला डोळा लावून बसले होते. एकदम हात वर केला. "आहे," म्हणाले. "दोन मोठ्या खडकांच्या मधे. बसलंय. कान दिसतायत."

पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. कुणी एक शब्द न बोलता रांग लागली. रांगेची पद्धत ठरलेली. स्कोपला डोळा लावायचा, "दिसलं" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. रेंगाळायचं नाही, कारण मागच्याचं दिसायचं राहील. अध्यक्षांनी डोळा लावला. "दिसलं." डॉक्टरांनी लावला. "दिसलं. जांभई देतंय. सुळे काय आहेत!" डॉक्टरीणबाईंनी लावला आणि अर्ध्या क्षणाने त्यांनाही दिसलं. त्यांच्या मागच्या टोपीला तर शेजारी एक पिल्लूही दिसलं. मग ज्यांना पिल्लू दिसलं नव्हतं ते पुन्हा रांगेत आले आणि पिल्लू बघून गेले.

माझी पाळी आली. मी डोळा लावला. दोन खडकांच्या मधे तिसरा खडक होता. वरच्या बाजूला दोन टोकं. मी धंद्याच्या सवयीने फोकस नीट केला, पुन्हा बघितलं. टोकांवर शेवाळ होतं.

"काय?" अध्यक्ष म्हणाले.

"दगड दिसला," मी म्हणाले.

"वर बघा."

"वरही दगडच आहे."

"मॅडम नवीन आहेत," अध्यक्ष सगळ्यांना म्हणाले आणि थांबले. मागून कुणीतरी म्हणालं की सवय नसली की असं होतं, पहिल्या सहलीत त्यांनाही अस्वल दिसायला दोन दिवस लागले होते. मला माझं दुकान आठवलं. बाकावरची माणसं आठवली. इथे तर सगळा बाकच एका सुरात तक्ता म्हणत होता, आणि ज्याच्या तोंडून तो ऐकला होता त्याला स्वतःलाच अक्षर दिसत नव्हतं.

संध्याकाळी जेवणात आनंदीआनंद होता. अध्यक्षांनी भाषण केलं. डॉक्टरांनी जांभईची नक्कल करून दाखवली. लिंक्स इतका वेळ एका जागी बसून राहिलं यावरून त्याचा या मंडळावर किती विश्वास आहे, असंही एक मत निघालं. ते तीन तास हललं नव्हतं. मला त्यात विश्वासाचा भाग कमी वाटला.

जेवण झाल्यावर भावोजी उठले ते भिंतीला हात लावत बूट वाळवायच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. अरुंद खोली, गरम पाण्याचे नळ भिंतीभर फिरवलेले, त्यांवर उलटे टांगलेले ओले बूट, आणि पायमोज्यांचा असा वास की खरं बोलून लवकर सुटावं असं कुणालाही वाटेल.

"भावोजी, तो दगड होता," मी म्हणाले.

"बारा जणांना दिसलं."

"तुम्हाला दिसलं का, ते विचारतेय."

ते बाकावर बसले. बुटाची नाडी सोडायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. "मला वाटलं, दिसलं," ते म्हणाले. "हल्ली पक्कं सांगता येत नाही. मी आहे म्हणतो. मग ते सगळे बघतात, दिसलं म्हणतात, तेव्हा माझी खात्री पटते की आपले डोळे अजून शाबूत आहेत. इतक्या जणांना दिसतं म्हणजे असणारच ना?"

मी इतके दिवस धरून चालले होते की हा माणूस आम्हाला सगळ्यांना फसवतोय. हा तर ह्या टोपीवाल्यांच्या भरवशावर स्वतःचे डोळे तपासत होता, आणि टोपीवाले ह्याच्या भरवशावर प्राणी बघत होते. मला दोघांचाही राग आला आणि त्याहून जास्त त्या बिचाऱ्याची कीव आली. पण दया दाखवून डोळे टिकत नाहीत.

"त्यांच्यातल्या एकालाही काही दिसलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही आहे म्हणालात म्हणून ते दिसलं म्हणाले. उद्या तुम्ही त्या स्कोपमध्ये हत्ती आहे म्हणालात तर डॉक्टर त्याचेही दात मोजतील. आणि नातीला गाडीत बसवून घेऊन जाता तेव्हा दिसलं म्हणायला कुणाची रांग लागते मागे?"

ते झटक्यात उठले. "तुझ्या ताईने तुला हेरगिरीला पाठवलंय," म्हणाले. "तिला सांग, मी ठणठणीत आहे. तुमच्या दोघींचं जन्मात कुणी ऐकलं असेल तर शपथ." आणि बाहेर पडताना डावा खांदा चौकटीवर आपटला. दोघांनीही तो आवाज ऐकला. ते थांबले नाहीत.

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला उजवीकडे ठेवून चालायचे, मुद्दाम. एकदा पायरी चुकले, डॉक्टरांनी सावरलं आणि पायरीला नावं ठेवली. मी ताईला फोनवर खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मग आता?" परत जायला एकच दिवस उरला होता. एकदा घरी पोचले की भावोजी पुन्हा गाडी काढणार आणि दवाखान्याचं नाव काढलं की माकडाची गोष्ट सांगणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शेवटच्या सकाळी पुन्हा तेच वळण. भावोजींनी पुन्हा त्याच खडकांकडे स्कोप लावला. लिंक्स अजून तिथेच आहे म्हटल्यावर कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. रांग लागली. निरोपाची शेवटची भेट म्हणून या वेळी सगळे जरा जास्त भावुक होते. भावोजी रांगेच्या डाव्या टोकाला, दरीकडे तोंड करून, बोट रोखून उभे. "तिथे. दोन खडकांच्या मधे." माझं डोकं तापलं होतं. मी रांगेकडे पाठ करून गाडीला टेकले आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. ड्रायव्हर आत झोपला होता.

तेवढ्यात रांगेच्या डाव्या टोकापलीकडच्या झुडपातून ते रस्त्यावर आलं.

माझ्या दुकानापासून समोरचं औषधांचं दुकान जेवढं लांब, तेवढ्या अंतरावर. अंगावर फिकट ठिपके, पाय अंगाच्या मानाने लांब, कानांवर काळे झुपके. डांबरावर पाऊल टाकलं आणि थांबलं. आमच्याकडे बघितलं. माझ्या हातातला चहा हातातच राहिला. इतकी देखणी गोष्ट इतक्या जवळ आणि इतकी निवांत मी पाहिली नव्हती.

रांगेत कुणीतरी म्हणालं, "दिसलं."

मला हाक मारायची नव्हती. हाक मारली असती तर ते पळालं असतं, आणि दुसरं म्हणजे हाक ऐकून भावोजींनी तिसरीकडेच बघून हो म्हटलं असतं. मी कप गाडीच्या टपावर ठेवला आणि हळूहळू चालत त्यांच्या मागे गेले. लिंक्स त्यांच्या डावीकडे होतं, इतकं सरळ डावीकडे की दुसऱ्या कुठल्याही माणसाला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं असतं. ते दगडाकडे बोट दाखवत होते.

मी मागून त्यांच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि मान डावीकडे वळवली. आधी त्यांनी मान ताठ केली. मग माझ्या हातांखाली जबडा सैल झाला. बोट आपोआप खाली आलं.

ते "दिसलं" म्हणाले नाहीत. लिंक्सने रस्ता ओलांडायला सुरुवात केली, घाई न करता, आणि ते त्यांच्या नजरेतून निसटायला लागलं हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. म्हणून मी त्यांची मान त्याच्या चालीबरोबर थोडी थोडी फिरवत गेले. रस्ता संपेपर्यंत. ते पलीकडच्या उताराच्या गवतात शिरलं, गवत हललं आणि थांबलं. मी हात काढले. माझे तळवे ओले झाले होते.

मागे रांग चाललीच होती. "दिसलं." "दिसलं." "आज पिल्लू नाही का?"

अध्यक्षांचं लक्ष गेलं. "गरुडसाहेब, काय झालं?"

"लिंक्स गेलं," भावोजी म्हणाले. "आपल्या बाजूनेच. रस्त्यावरून."

मग अध्यक्ष म्हणाले, "हो, मला चाहूल लागलीच होती." डॉक्टर म्हणाले, "मी पाहिलं ना, ओझरतं." डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. बाकी सगळ्या टोप्या हलल्या. दिसलं, दिसलं, दिसलं. झोपेतून उठलेल्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्यालाही बहुतेक दिसलं असतं.

"कुठून कुठे गेलं?" भावोजींनी विचारलं.

अर्ध्या लोकांनी इकडून तिकडे हात केला, अर्ध्यांनी तिकडून इकडे. भावोजी त्या सगळ्या हातांकडे बघत राहिले. बघायला त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण मान फिरवावी लागली आणि या वेळी त्यांनी ते लपवलं नाही.

"मला ते आपणहून दिसलं नाही," ते म्हणाले. "हिने मान वळवली म्हणून दिसलं. मला बाजूचं दिसत नाही. डावीकडचं तर जवळजवळ नाहीच. दोन वर्षं तरी झाली असतील. आणि ते खडकावर आहे ते काय आहे, मला माहीत नाही. मी तुम्हाला विचारत होतो आणि तुम्ही मला."

दरीतून वारा येत होता. डॉक्टरीणबाई नवऱ्याच्या आधी बोलल्या, बहुधा पहिल्यांदाच. "मला दगडच दिसला होता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीही." डॉक्टर बुटांकडे बघायला लागले. एक टोपी म्हणाली, पिल्लू तिला तरी नीटसं दिसलं नव्हतं. दुसरी म्हणाली, मग आधी कशाला सांगितलंत, मी परत रांगेत उभी राहिले ना.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हा विषय आपण घरी गेल्यावर शांतपणे घेऊ," ते म्हणाले. "मंडळाला गरुडसाहेबांविषयी कायमच आदर राहील. सगळ्या सूचना त्यांना जातील." आणि थांबले.

"आजच करा मानद," भावोजी म्हणाले. "सूचना नाही पाठवल्यात तरी चालेल. आधीच्या प्राध्यापकांचा फोन नंबर असला तर तेवढा द्या."

तो कुणाकडेच नव्हता.

ते माझ्याजवळ आले. खालच्या आवाजात विचारलं, "जे गेलंय ते येत नाही ना परत?"

"नाही," मी म्हणाले. खोटं सांगावंसं फार वाटलं. "पण उरलेलं राखता येतं. रोज थेंब घालायचे, एकही दिवस न चुकता. मी चष्मे करते, डॉक्टर नाही. नक्की काय ते दवाखान्यात कळेल. या वेळी बटण खरं दाबलंत तर."

त्यांनी मान डोलावली. मग खिशातून फोन काढला, डोळ्यांसमोर धरला आणि ताईला लावला. मी बाजूला व्हायला लागले तर म्हणाले, थांब. ताईने काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. भावोजी म्हणाले, "दिसलं. फार सुंदर होतं. पण ऐक ना, मला दिसत नाही गं नीट. तू म्हणतेस ते खरं आहे. सोमवारपासून पोरीला शाळेत मी नाही सोडणार. मुलाला मीच सांगतो, तू नको सांगूस." एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे ताई रडत होती. मी तिला तसं रडताना आई गेली तेव्हाच ऐकलं होतं. मीही रडायला लागले. भावोजी माझ्या शेजारी उभे होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"किती उरलंय गं?" ताईने शेवटी विचारलं.

"समोरचं आहे. बाजूचं थोडंच असेल."

तिने नाक पुसल्याचा आवाज आला. "मग विमानतळावरून आधी दवाखान्यात ने," ती म्हणाली. "घरी नंतर आण."